घराची आखणी : आधी स्वयंपाकघर, मग बैठक

शेतकरी विहीर खोदण्यापूर्वी पाणाड्यास विचारतो, बैल घेताना त्याचे दात व खूर पाहतो, बियाण्याची पिशवी उलटसुलट करून तिच्यावरील तारीख वाचतो. परंतु ज्या घरात त्याच्या दोन पिढ्या राहावयाच्या त्या घराची आखणी मात्र तो बहुधा गवंड्यावर सोपवून मोकळा होतो. गवंडी चांगला असला तरी त्याचे काम भिंत ओळंब्यात उभी करण्याचे. त्या घरात चूल कोठे पेटेल, धूर कोणीकडे जाईल, कांद्याच्या गोणी कोठे पडतील आणि रात्री म्हातारी शौचास कोणत्या वाटेने जाईल, हे त्यास ठाऊक नसते. ते घरातील माणसांनीच ठरवावयाचे असते, आणि तेही पाया खणण्यापूर्वी.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पिंपळनेर व त्याच्या आसपासच्या गावांत सध्या जुनी धाब्याची घरे उतरवून विटा-सिमेंटची घरे बांधण्याचे काम जागोजागी चाललेले दिसते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने २०१६ पासून घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, ठरविले असून त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश आवश्यक केला आहे. हे क्षेत्र लहान आहे आणि म्हणूनच त्याची आखणी अधिक विचाराने व्हावयास हवी. मोठ्या वाड्यात एक खोली वाया गेली तरी चालते. २७० चौरस फुटांत दीड हात जागासुद्धा वाया जाऊन चालत नाही.

या भागातील नव्या घरांत एक गोष्ट वारंवार दिसते. रस्त्याच्या अंगाला शहरातल्याप्रमाणे 'हॉल' काढला जातो, त्यात सर्वांत मोठी खिडकी व सर्वांत चांगली फरशी बसते, आणि उरलेल्या मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर कोंबले जाते. त्या हॉलमध्ये पाहुणा महिन्यातून दोन-चार वेळा बसतो. स्वयंपाकघरात घरधनीण रोज पाच-सहा तास असते. माझ्या मते आखणीचा क्रम नेमका उलटा असावा. आधी स्वयंपाकघराची जागा नक्की करावी, मग धान्य व औषधे ठेवण्याची, मग झोपण्याची, आणि सर्वांत शेवटी बैठकीची. शेतकऱ्याच्या घरात बैठकीचे काम ओसरी उत्तम करते, आणि निवडणे-टिपणे, मुलांचा अभ्यास, उन्हाळ्यातील निजणे ही इतर दहा कामेही तीच करते.

वारा आणि ऊन

स्वयंपाकघराची जागा ठरविणारी पहिली गोष्ट म्हणजे वारा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो आणि तो किती जोराचा असतो हे सांगण्याची गरज नाही. याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग त्यासाठी उभी आहे. घराच्या पश्चिमेस चूल असेल तर तिचा धूर घरात शिरतो व सर्व खोल्यांतून हिंडून मग बाहेर पडतो. तीच चूल घराच्या पूर्वेस किंवा आग्नेयेस असेल तर वारा धूर घराबाहेरच घेऊन जातो. जुनी माणसे स्वयंपाकघर आग्नेयेस असावे असे म्हणत. आपल्या भागापुरते ते वाऱ्याच्या हिशेबाने बरोबर ठरते, शिवाय सकाळचे ऊनही त्या खोलीत येते. परंतु एखाद्या खोऱ्यात डोंगराच्या आडोशामुळे वारा वळत असेल तर तेथे वाऱ्याचेच ऐकावे. आषाढात एका काठीस चिंधी बांधून ती आठ दिवस जागेवर उभी केली म्हणजे वारा स्वतःच दिशा सांगतो.

घरी गॅस असताना धुराची चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून गॅसची टाकी पुष्कळ घरांत पोचली हे खरे. तथापि कळण्याची भाकरी अजून अनेक घरी चुलीवरच होते, न्हाणीचे पाणी पऱ्हाटीवर तापते, आणि आखाजीला खापरावरचे मांडे करावयाचे म्हटले की मोठी चूल लागतेच. ती चूल आखणीत धरली नाही तर पुढे ती कोठेतरी दारातच मांडली जाते. म्हणून स्वयंपाकघरात गॅससाठी अडीच-पावणेतीन फूट उंचीचा ओटा असावा आणि त्यास लागून पूर्वेच्या बाजूस पाच फूट रुंदीची छपराची जागा चुलीसाठी काढावी. तेथे बसून भाकरी थापता यावी, खापर मांडता यावे, आणि दोघीजणी समोरासमोर बसल्या तरी जाण्यायेण्याची वाट उरावी. चुलीवर धुराडे बसविल्यास ते छपराच्या वर दोन-तीन फूट गेलेले असावे. छपराखालीच संपणारे धुराडे धूर परत खाली लोटते.

दुसरी गोष्ट ऊन. पिंपळनेर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास येथे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेस क्षितिजापासून अवघा ४५-४६ अंश वर असतो. याचा उपयोग असा की, दक्षिणेस ओसरी ठेवून तिची वळचण जमिनीपासून सात फूट उंच घेतली तर मे महिन्यात दुपारचे ऊन ओसरीवर येत नाही आणि थंडीत तेच ऊन जवळजवळ सात फूट आत येते. लहान मुले व वृद्ध यांना याहून चांगली जागा घरात दुसरी नाही. खरा शत्रू पश्चिमेचे ऊन होय. दुपारी तीनपासून मावळतीपर्यंत ते भिंतीवर सरळ आदळते व भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, लांब बाजू उत्तर व दक्षिणेकडे कराव्यात, आणि पश्चिमेची भिंत आखूड व जवळजवळ बंद असावी. खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर असल्या म्हणजे नैर्ऋत्येचा वारा दक्षिणेने शिरून उत्तरेने निघून जातो. प्रत्येक खोलीच्या खिडक्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या एकदशांशाहून कमी असू नये.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. पिंपळनेरहून पश्चिमेस डोंगराकडे गेले की पाऊस वाढतो आणि तेथील आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंती व उतरती छपरे दिसतात. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो तशी सपाट धाब्याची घरे येतात. जाड भिंत व मातीचे धाबे उन्हाळ्यात थंड राहत असे. ते सोडून पत्रा किंवा काँक्रीटचे छत घेताना आपण थंडावा गमावतो. तो काही अंशी परत मिळवावयाचा तर आखणीतूनच मिळवावा लागतो.

तरीही जुन्या धाब्याविषयी एक इशारा द्यावयास हवा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथील माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते आणि ते ओझे दगड-मातीच्या सैल भिंतींवर होते. धाब्याचे घर राखावयाचे असेल तर गळती थांबविण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकण्याऐवजी जुनी उतरवून मगच नवी टाकावी. नवे घर बांधताना दारांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा.

किल्लारीपासून दुसराही एक धडा मिळतो. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे कुटुंबांना २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भक्कम होती, रस्ते रुंद व सरळ होते. परंतु सरळ रांगांतील त्या घरांत गोठा, सरपण, कडबा व अवजारे यांची सोय पुरेशी नव्हती, आणि पुढे लोकांनी आपापल्या परीने पत्र्याच्या छपऱ्या जोडून ती करून घेतली. घर लहान असणे हा दोष नव्हे. ते पुढे कोणत्या बाजूने वाढणार हे आधी न ठरविणे हा दोष होय.

एक नमुना

उदाहरणादाखल पूर्व-पश्चिम ७५ फूट व दक्षिणोत्तर ४५ फूट अशी जागा घेऊ. रस्ता पूर्वेस आहे. कुटुंबात सहा माणसे, एक बैलजोडी, एक गाय व वासरू आहे.

घर जागेच्या पश्चिम अंगास, उत्तरेस चार फूट सोडून बांधावे. उत्तरेच्या ओळीत पूर्वेकडून पश्चिमेकडे १२ फूट × १२ फूट माजघर, तेवढीच झोपण्याची खोली, आणि शेवटी ८ फूट × १२ फूट कोठीची खोली. दक्षिणेच्या ओळीत पूर्वेच्या टोकास १२ फूट × साडेदहा फूट स्वयंपाकघर आणि त्याच्या पश्चिमेस २० फूट लांब ओसरी. पश्चिमेच्या भिंतीबाहेर सहा फूट रुंद पडवी. या पडवीत औत, वखर, पाइप, सरपण राहते. पावसाचा झोत व दुपारचे ऊन तीच अंगावर घेते. त्यामुळे कोठीची भिंत कोरडी राहते आणि कोठीपलीकडील झोपण्याची खोली थंड राहते. पडवी न काढता कोठी पश्चिमेस ठेवली तर मात्र ओलीने धान्य बिघडेल, हे लक्षात असू द्यावे.

स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून फाटक, अंगण व गोठा तिन्ही दिसतात. ओट्यापाशी उभ्या असलेल्या स्त्रीला मूल अंगणात कोठे आहे व गाय सुटली की काय हे जागेवरूनच कळते.

आता हे सर्व एकदम बांधण्याची ऐपत थोड्यांचीच असते. म्हणून पहिल्या वर्षी स्वयंपाकघर व माजघर एवढेच बांधावे. दोहोंचे मिळून २७० चौरस फूट होतात. माजघराच्या पश्चिम भिंतीत दाराची चौकट पहिल्याच वेळी बसवून ती तूर्त विटांनी बंद करावी आणि कोपऱ्यांवर विटांचे दात सोडावेत. पुढे हंगाम साधला की झोपण्याची खोली जोडावी, त्यानंतर कोठी व पडवी. ओसरीवर प्रथम पत्रा असला तरी हरकत नाही. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दोन खोल्या जागेच्या अगदी मध्यभागी बांधल्या जातात आणि मग चारी बाजूंना थोडी थोडी अशी जागा उरते की कोठेही धड खोली निघत नाही.

पाण्याची वाट

आखणीत पावलांचा हिशेब कोणी करीत नाही. पाण्याची तोटी किंवा टाकी स्वयंपाकघरापासून ६० फुटांवर आहे आणि दिवसातून २० खेपा होतात असे धरा. जाणे-येणे मिळून रोज २,४०० फूट, आणि वर्षाकाठी सुमारे २६७ किलोमीटर चालणे होते, त्यातील निम्मे अंतर भरलेल्या हंड्यासह. तीच तोटी १५ फुटांवर आणली तर हे चालणे चौथ्या हिश्श्यावर येते. नळाच्या नळीला ४५ फूट अधिक लागतील; तो खर्च एकदाच करावा लागतो. आमच्या नमुन्यात तोटी स्वयंपाकघराच्या दक्षिण दारापाशी आहे, भांडी घासण्याची मोरी तिच्या शेजारी आणि न्हाणी तिच्या पलीकडे. तिघींचे सांडपाणी एकाच पाटाने परसात केळी-शेवग्याकडे नेता येते.

शौचालय नैर्ऋत्य कोपऱ्यात, पडवीच्या टोकास, म्हणजे ओसरीवरून छपराखालूनच तेथे जाता यावे. वाऱ्याच्या वरच्या अंगास ते कसे, अशी शंका येईल. पाण्याचा सांधा असलेले भांडे बसविल्यास वास येत नाही, आणि श्रावणातील रात्री वृद्धांना व स्त्रियांना चिखलातून अंगण ओलांडावे लागू नये हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. खड्डे दोन असावेत, प्रत्येकी सुमारे एक मीटर व्यासाचे, व दोहोंत किमान एक मीटर अंतर असावे. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवावा. बंद केलेला खड्डा दोन वर्षांनी उघडला असता त्यात कोरडे, वास नसलेले खत मिळते. काळ्या चिकण जमिनीत पाणी नीट मुरत नाही, तेथे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा विंधनविहीर या खड्ड्यांपासून, तसेच उकिरड्यापासून, किमान १० मीटर दूर हवी.

गोठा, कांदाचाळ, औषधे

गोठा ईशान्य कोपऱ्यात रस्त्याच्या अंगाला, घरापासून २०-२५ फूट अंतरावर असावा. तेथून वारा वास व माश्या घराकडे आणीत नाही, आणि जनावरे फाटकातून सरळ गोठ्यात जातात. दर मोठ्या जनावरास ४० चौरस फूट धरून १० फूट × १८ फूट गोठा या कुटुंबास पुरतो. त्याच्या जमिनीस दर दहा फुटांस तीन इंच उतार द्यावा.

पिंपळनेर ही कांद्याची बाजारपेठ असल्याने कांदाचाळीचा प्रश्न घरोघरी आहे. ती घराच्या पूर्वेस आडोशाला बांधण्याची चूक करू नये. चाळीस वारा हवा, आणि घर तोच अडवील. अंगणात मोकळा वारा मिळत नसेल तर ती मळ्यातच उभारावी. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर व दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम घालण्याची शिफारस आहे. कांद्याच्या थराची रुंदी चार फूट व उंची पाच फूट याहून अधिक नसावी. ओसरीवर किंवा माजघरात कांदा साठविणे हे कांदा आणि माणूस दोघांसही वाईट.

फवारणीची औषधे कोठे ठेवावयाची हे नकाशावर चूण करून दाखवावे, इतके ते महत्त्वाचे आहे. पलंगाखाली, माळ्यावर, धान्याच्या कोठीत किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर औषधाची बाटली कधीही असू नये. गोठ्याच्या घराकडील बाजूस नव्हे, तर रस्त्याकडील टोकास, जनावरांच्या चाऱ्यापासून अलग, भिंतीत कपाट करून त्यास कुलूप लावावे आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावी. मूल चुकून हात घालते. मोठे माणूस रागाच्या किंवा निराशेच्या भरात हात घालते. औषध झोपण्याच्या जागेपासून दूर व कुलपात असेल तर निदान मधला वेळ मिळतो.

सरपण व भुसा झोपण्याच्या खोलीच्या भिंतीस लावून रचू नये. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास डसते आणि पुष्कळदा डसल्याचे त्यास कळतही नाही. जोते दोन फूट उंच, पायऱ्या सुट्या न ठेवता बांधलेल्या, आणि दाराच्या उंबऱ्याखाली फट नाही, एवढी काळजी आखणीतच घ्यावी.

अरुंद जागा आणि काळी जमीन

जुन्या गावठाणात ४५ फूट रुंदी कोठून मिळणार? तेथे १५-२० फूट रुंद व खोलवर गेलेल्या जागा असतात आणि दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या. अशा ठिकाणी सर्व जागेवर छत घालण्याचा मोह टाळावा. मध्ये आठ-दहा फुटांचा उघडा चौक ठेवून स्वयंपाकघर त्या चौकावर काढावे. उजेड व वारा वरूनच येणार. गोठा मळ्यात न्यावा. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. ती मिळाली असल्यास तिच्यावरील हद्द पाहूनच आखणी करावी, नाही तर पडवीचे दोन फूट पुढे दोन भावांत वैर आणतात.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्याबरोबर भिंतही. पाया काळी संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा. पांझरेच्या काठी फड पद्धतीच्या पाटाखालची जमीन आहे. तेथील जुन्या वस्त्या बहुधा उंचवट्यावर दिसतात, भिजणारी जमीन पिकासाठी राखलेली. नव्या घरासाठीही मुरमाड उंचवटाच शोधावा. पाया स्वस्त पडतो आणि कसदार जमीनही वाचते.

जागा व खोल्या कागदावर ठरल्या की गवंड्यास बोलावण्यापूर्वी त्या जमिनीवर फक्कीने प्रत्यक्ष आखाव्यात. दारांच्या जागी रेघ तोडावी, ओट्याच्या जागी दोन विटा, खाटेच्या जागी खाट ठेवावी. मग घरातील स्त्रियांना त्या रेघांतून चालावयास सांगावे : हंडा घेऊन तोटीपासून चुलीपर्यंत, भाकरीची टोपली घेऊन ओसरीपर्यंत, बादली घेऊन गोठ्यापर्यंत. सासूने एकदा, सुनेने एकदा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या वेळी हजर राहावे आणि पुरुषांना थोडे बाजूस बसवावे, कारण ते उभे असले की सुना बोलत नाहीत. कोणी म्हणेल दार डावीकडे हवे, कोणी म्हणेल पापड वाळविण्यास अंगणात ऊन कमी पडते. रेघ पुसून नवी काढण्यास मूठभर फक्की पुरते. हे काम दिवाळीनंतर खरीप घरात आल्यावर करावे, आठ-दहा दिवस रेघा तशाच राहू द्याव्यात, आणि मग पाया खणावयास घ्यावा, म्हणजे आखाजीच्या सुमारास छत पडून पावसापूर्वी घर आच्छादित होते.